पळणीत मागे राहिलेला बास

आचरे, तालुका मालवण
मार्गशीर्ष, सन १९६६

प्रिय लवू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील की बाय चिडलेली आहे. चिडलेच आहे. श्रावणात एडनहून तुझं पत्र आलं, त्यात निम्म्याहून जास्त हवापाणी, आणि त्यानंतर आजपर्यंत तुझं एक अक्षर नाही. भाद्रपदात तुझ्या बोटीवरच्या बँडातला ट्रंपेटवाला पेद्रू मुंबईला उतरला, त्याने कळवलं की मोंबासाला बोट लागली तेव्हा तू ‘बासाच्या तारा बघून येतो’ एवढंच बोलून बंदरात उतरलास आणि बोट सुटायचा भोंगा झाला तरी परतला नाहीस. मी बोटीच्या कचेरीला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की सदर इसम आपखुशीने उतरला, सबब कंपनीकडे अधिक माहिती नाही. ज्या हॉटेलच्या पत्त्यावर हे पत्र टाकते आहे, त्याचं नाव पेद्रूनेच दिलं. तिथे रोज संध्याकाळी बँड वाजतो आणि जिथे बँड वाजतो तिथे लवू सापडतो, असा त्याचा हिशोब. अंदाजावर पत्र टाकायची माझी ही पहिलीच वेळ. आडपडदा आपल्या दोघांत कधी नव्हता, म्हणून सरळच विचारते. तू आहेस ना रे? मला तेवढंच कळायला हवं आहे, आणि ते लवकर कळायला हवं आहे. कारण शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, मला तुझी सवय माहीत आहे.

घरचं तसं बरं आहे. कपिलेला पाडी झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे. भात झोडून झालं. शाळेत ह्या वर्षी चौथीचा वर्ग माझ्याकडे दिलाय, तुझ्यासारखेच सगळे, पाढे विचारले की खिडकीबाहेर बघतात. आबांचा गुडघा दुखतो, पण मृदंग मांडीवर घेतला की दुखत नाही असं त्यांचं म्हणणं. यशोदा बरी आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझी बायको खाते, पिते, गोठा बघते, माझ्याशी हसून बोलते, पण हल्ली ती विहिरीवर एकटी जात नाही. माझी शाळा सुटेपर्यंत थांबते आणि मग आम्ही दोघी जातो. त्याचं कारणही पुढे येईल.

तुझा बास माजघरातल्या खुंटीवर होता तिथेच आहे. तो पहिल्यांदा घरी आणलास तो दिवस आठवतो का? कट्टा गावच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला टपावर टाका, आणि तू ते धूड मांडीवर घेऊन आचऱ्यापर्यंत आलास. त्याआधी मुंबईच्या हॉटेलात तू तो उभा, माणसाएवढा बास वाजवायचास, त्याच्या गोष्टी ऐकून आबा म्हणायचे की ह्याने लग्न त्याच्याशीच करायला हवं होतं. हा विजेचा, गिटारसारखा बास त्यापेक्षा लहान, म्हणून आम्ही खूश झालो, आणि उचलून बघितला तर माझा खांदाच निखळायची वेळ आली. दुकानात हलकाही एक होता, आखूड मानेचा, बोटांना सोपा. तो सोडून हा घेतलास. जड लाकडात सूर जास्त वेळ राहतो म्हणालास. मग कट्ट्याच्या चांभाराकडून बैलाच्या कातड्याचा तळहाताएवढा रुंद पट्टा करून घेतलास आणि तो खांद्यावर टाकून अंगणात नांगर ओढल्यासारखा फिरत होतास. तारांचंही तसंच. साध्या गुंडाळलेल्या तारा न घेता चपट्या पट्टीने मढवलेल्या घेतल्यास, कारण गोल तारांच्या खाचांत इथली खारी हवा बसते आणि आठवड्यात त्यांचा गळा बसतो. मला दम दिला होतास की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, खोबरेल लावलंस तर बघ. आणि वाजवायचा नसेल तेव्हा खुंट्या पिळून तारा ढिल्या करायच्या, नाहीतर ओढीने मान वाकते. मी शाळामास्तरीण, सांगितलेलं विसरत नाही.

त्या उन्हाळ्यात तू सगळ्या वाडीला कामाला लावलं होतंस. आपल्याकडे वीज नाही, म्हणून कट्ट्याहून गंगारामला त्याच्या लाऊडस्पीकरसकट बोलावलंस. त्याचं इंजिन शेताच्या मेरेवर धडधडत ठेवलं आणि तू बास त्याच्या कर्ण्याला जोडलास. कर्ण्यातून कोंबडीचा घसा धरल्यासारखा आवाज निघाला. गंगाराम म्हणाला, “माझो कर्णो लग्नात गाता, रडाक नाय शिकलो.” तेव्हा तू सांगितलंस की खालच्या सुराला पितळ चालत नाही, त्याला कागदाचा मोठा कोन लागतो आणि कोनाला श्वास घ्यायला मोठं खोकं लागतं. धोंडू सुतारानं फणसाच्या फळ्यांचं ते खोकं केलं. मृदंगही फणसाचाच असतो म्हणून आबांनी स्वतः फळ्या निवडून दिल्या, हे तुला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. नंतर ती गुरगुर. कुणी तारेला हात लावला नाही तरी खोक्यातून एक सारखी गुरगुर यायची, आणि तू तांब्याचा गज अंगणाच्या कडेला जमिनीत ठोकून वायर त्याला बांधलीस, मला सांगितलंस त्यावर पाणी ओत. मी कळशी ओतली आणि गुरगुर थांबली. त्या क्षणाचं मला जरा भय वाटलं होतं. जमिनीने काहीतरी गिळलं असं वाटलं. तो गज अजून तिथेच आहे.

आणि मला तू चालवलंस. अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून पाणंदीत, पाणंदीतून पार खाडीच्या काठापर्यंत. प्रत्येक ठिकाणी उभं राहून टॉवेल हलवायचा. ऐकू आलं तर वर, नाही तर खाली. माझी फजिती अशी की खोक्याजवळ मला काहीच धड ऐकू येईना, नुसता पोटात धक्का, आणि खाडीकाठी तुझा सूर स्वच्छ येऊन पायाखाली उभा राहिला. तू म्हणालास, हा आवाज जवळ लहान असतो, लांब गेल्यावर त्याला उभं राहायला जागा मिळते. उघड्या मैदानात तो पळून जातो, म्हणून मागे भिंत द्यायची, पण चिकटून नाही, आणि खोक्याखाली गवत घालायचं, नाहीतर मांडवाचे खांब बोलायला लागतात. तेव्हा मला हसू आलं होतं. आज ते सगळं मला पाठ आहे, आणि त्या पाठ असण्याचाच त्रास होतो.

आबांना तो बास कधी पटला नाही. ते मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावत बसले होते तेव्हा त्यांनी तुला विचारलं, “माझो जेवल्याशिवाय बोलाचो नाय. तुझो काय खाता?” तू म्हणालास, “करंट.” आणि करंट नसला तर? “मगे मुको. नुसतां लाकूड.” आबा हसले. मुक्याशी त्यांचं वैर नव्हतं. म्हणूनच तर गेल्या पौषात वाडीच्या जत्रेला त्यांनी तुला दशावतारात आपल्या शेजारी बसवलं. दशावतारी कंपनीचा पेटीवाला कुरकुरला, पण आबांपुढे कोण बोलणार? संकासुर पडद्यामागून आला आणि तुझा पहिला सूर निघाला, तेव्हा बायका पदर तोंडाशी धरून मागे सरकल्या. मला अभिमान वाटला होता, लवू. मी ते तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. पण मग तुला वाटलं की मागच्या लोकांना ऐकू जात नाही. तू बटण पिळलंस. आणखी पिळलंस. आबांचा मृदंग त्या आवाजाखाली गेला, त्यांचे हात दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांनी हात उचलले. माझ्या जन्मात मी त्यांना चालत्या खेळात हात उचलताना पाहिलं नव्हतं. मृदंगाला गवसणी चढवली आणि म्हणाले, “तूच वाजय. माका हय जागो नाय.” तू वायर उपटलीस. सगळ्या मांडवासमोर म्हणालास, “तुमी ठेको धरून माका बोलवशात, तेवाच ह्येका हात लावतलंय. तोपर्यंत नाय.” आणि बास ठेवून बोटीवर गेलास. बापलेक दोघेही एकाच मुशीतले. मधे मी आणि यशोदा, कुणाला समजावायचं?

तू गेल्यावर बासाला कुणी हात लावला नाही. पावसाळ्यात तारा लाल झाल्या, मी पुसायची, पण गंज धरायचा तो धरलाच. तारा मी ढिल्या करून ठेवल्या होत्या, बोटाने उचलल्या तर फळीवर आपटतील इतक्या ढिल्या. आबा माजघरातून जाताना त्याच्याकडे बघत नसत. मृदंग मात्र त्यांनी ठेक्याला म्हणून पुन्हा घेतला नाही. कंपनीत ह्या वर्षी गेले नाहीत, गुडघ्याचं कारण सांगितलं. रोज कणीक लावायचे, पुसायचे, पुन्हा गवसणीत घालायचे.

मग ह्या मार्गशीर्षात गावपळण लागली. तू लहान असताना एक पाहिलेली, दुसरीच्या वेळी मुंबईत होतास. रामेश्वराचा कौल झाला, देवळातून इशारत झाली, आणि दुपार कलायच्या आत सगळं आचरं वेशीबाहेर. गाईगुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, धान्य, म्हातारीकोतारी, सगळं. त्या तीन दिवसांत गावात जिवंत म्हणून काही राहायचं नाही. गाव तेव्हा कुणाचा असतो ह्यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो, आणि सांगताना आवाज मात्र सगळे सारखाच खाली करतात. आपल्या घराची आणखी एक रीत आहे, आबांच्या आजोबांपासूनची. जे बोलतं ते मागे ठेवायचं नाही. म्हणून आपण घड्याळाचा लंबक थांबवतो, झांजा, घंटा, मृदंग बरोबर घेतो. मी सगळं बांधलं आणि बासापाशी आले. खाली काढू की नको, मला कळेना. आबा उंबऱ्यावर उभे होते. म्हणाले, “मुको आसा तो. तेनांच सांगलानी ना? ऱ्हवांदे.” म्हणून तो राहिला. तुझ्याच शब्दावर राहिला.

आपली झोपडी खाडीपलीकडच्या माळावर होती. पळणीत मजा असते ते तुला माहीत आहे. सगळी भावकी एका रांगेत, चुलींना चुली लागलेल्या, भजनं, पत्ते, ताजं मासळीचं कालवण. आबा मात्र खाडीकडे तोंड करून बसायचे. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन डोक्यावर, जेवणं व्हायची होती, भिकाजीकाका म्हणाले, भजनाला मृदंग घ्या. आबांनी गवसणी काढली. पण भजनाचा ठेका धरला नाही. त्यांनी संकासुराच्या प्रवेशाचा ठेका धरला, जिथे हात उचलले होते तिथूनच. कुणाकडे बघितलं नाही, पलीकडच्या रिकाम्या गावाकडे बघत होते. मला वाटलं, म्हातारा आठवणीत गेला. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. मग कुत्री उठली. भुंकली नाहीत. सगळी उठून खाडीकडे तोंड करून उभी राहिली. यशोदा माझ्याशेजारी तांदूळ धूत होती, तिच्या तपेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उमटायला लागली. तिने हात बाहेर काढला तरी वलयं थांबेनात. आणि मग तो सूर माझ्या पायांत आला. खाडीकाठी टॉवेल घेऊन उभी असताना आला होता तसा, तळव्यांतून वर. ठेक्याच्या किंचित मागून. तू नेहमी जरासा मागे असायचास, आबा त्यावरूनच चिडायचे, म्हणायचे हा जेवायलाही उशिरा आणि समेलाही उशिरा.

समुद्राची गाज म्हणशील तर मी जन्मापासून गाज ऐकते. तो गाजेचा आवाज नव्हता. शेवंतीकाकी म्हणाली, “आयकू नकात गे, कानार हात ठेवा,” पण जो आवाज कानातून येतच नाही त्याला कानावर हात ठेवून काय होणार? मुलं रडायची थांबली. आबांचा चेहरा मी पाहिला. भीती नव्हती. त्यांनी ठेका हलका केला, खालच्या सुराला वाट करून दिली, आणि सूरही हलका झाला, मृदंगावर चढला नाही. जत्रेत झालं नव्हतं ते तिथे झालं. इतकं सुंदर त्यांना एकत्र वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना माझे दात एकमेकांवर आपटत होते. आबांनी सम घेऊन हात थांबवले. एका मात्रेनंतर पलीकडचा सूर थांबला. यशोदाने तपेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरून बसली. नंतर केव्हातरी म्हणाली, “वन्स, ह्यो तेंचो हात.” मी म्हटलं, वेडी आहेस, कुठल्यातरी खाणीत सुरुंग लावत असतील.

कौल झाल्यावर गावात परतलो. दार मी उघडलं. घड्याळ थांबलेलं, चूल थंड, सगळं जिथल्या तिथे. तू बास जिला जोडायचास त्या अँप्लीफायरच्या पेटीवर धुळीचा थर होता, त्यावर बोटसुद्धा फिरलेलं नव्हतं. खोक्यात कोळ्याने जाळं केलं होतं ते तसंच होतं. बास खुंटीवर होता. मी फडकं घेऊन पुसायला गेले आणि पहिल्या तारेला माझा अंगठा लागला. ती वाजली. लवू, मी ढिली केलेली तार वाजली. चारही ताणलेल्या होत्या. आबा मागून आले, मृदंगावर एक थाप दिली, आणि सर्वांत जाड तार आपली आपण गुणगुणली, त्या थापेच्याच सुरात. आणखी एक गोष्ट. तारांवरचा गंज सगळीकडे होता, फक्त काही जागी नव्हता. मानेवर जिथे बोटं पडतात तिथे तारा लख्ख घासलेल्या होत्या. मी चौथीच्या पोरांना शास्त्र शिकवते. मी गंगारामला विचारलं, उन्हाने लाकूड आकसून तारा ताणल्या जातात का? तो म्हणाला, “बाय, खुंटी सैल पडता. आपल्यान कशी पिळतली?” पुन्हा तो आमच्या ओसरीवर बसला नाही. अंगणातच उभा राहून चहा प्यायला.

गावाने काय अर्थ लावला ते तुला सांगायला नको. पळणीत गावात जो राहतो तो जिवंतांतला नसतो. तोंडावर कुणी बोलत नाही, पण विहिरीवर यशोदा आली की बोलणं थांबतं आणि सगळ्यांची नजर तिच्या कपाळावर जाते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दरवर्षी तिला चार घरची सवाष्ण म्हणून बोलावणी असायची. ह्या वर्षी एकही आलं नाही. तिने त्या गुरुवारी घरीच पुरण घातलं, मला वाढलं, आणि स्वतः जेवली नाही. मला इतका राग आला की मी भिकाजीकाकांच्या सुनेला रस्त्यात गाठून विचारलं, तुझ्याकडे लवूच्या मरणाचा कागद आहे का? ती भराभर चालू लागली. माझ्याकडे तरी कुठे तू जिवंत असल्याचा कागद आहे?

सगळ्यांत अवघड आहेत ते आबा. ते खूश आहेत. रोज दुपारी बास खुंटीवरून काढून समोर टेकवून ठेवतात आणि मृदंग घेऊन बसतात. अजून तरी घरात तो पुन्हा वाजलेला नाही, मी दाराआड उभी राहून ऐकते. पण मृदंगाला कणीक लावून झाली की उरलेली एक गोळी ते बासाच्या अंगावर चिकटवतात. ‘जेव’ म्हणतात. त्या गोळीला दिवसभर मुंगी लागत नाही, हे मात्र मी पाहिलं आहे. मी म्हटलं, आबा, मोंबासाला पुन्हा लिहू या, पोलिसात कळवू या. तर म्हणाले, “कित्याक? झील माझो हयच आसा. आता तो माझा आयकता.” तुझी जिवंतपणीची एवढी वर्षं त्या माणसाने तुझं ऐकलं नाही, आणि आता त्यांना तू सापडलास. यशोदाला तसला तू नको आहेस. तिला उशिरा जेवायला येणारा हवा आहे. मलाही.

आता कारण. पौषी पुनवेला वाडीची जत्रा आहे. आबांनी कंपनीला कळवलंय की मृदंगावर मी बसतो. गंगाराम नाही म्हणत होता, त्याला त्यांनी गळ घातली, तो इंजिन आणतो आहे. धोंडूकडून खोक्याची एक सुटलेली फळी बसवून घेतली. मांडवात खोकं मांडणार, खाली गवत घालणार, गजावर पाणी ओतणार, अँप्लीफायरची पेटी तापवणार, सगळं तू शिकवलंस तसंच. बास खुर्चीवर ठेवणार आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. संकासुराच्या प्रवेशाला आबा ठेका धरणार. सगळ्या गावासमोर ते तुला बोलावणार आहेत, लवू. काल यशोदा मला म्हणाली, “वन्स, त्या दिसा वाजलो, तर मी थंयच कुकू पुसतलंय. मगे माका कोण काय समजावक येव नका.” ती तसं करील. आणि तू मांडवात दिलेला शब्द मला आठवतो. बोलवाल तेव्हाच हात लावीन. तू शब्द मोडल्याचं मला एकदाही आठवत नाही, ह्याचीच आज मला भीती वाटते. म्हणून लिहायला बसले. असशील तर पुनवेआधी ये, गंजलेल्या तारा बदल, आबांशेजारी बस आणि बटण हळू ठेव. यायला जमत नसेल तर तार कर, एका शब्दाची चालेल, मी ती मांडवात वाचून दाखवीन. आणि नसशील, तर राजा, थोरल्या बहिणीचं एवढं ऐक. आबा कितीही गोड ठेका धरोत, त्या दिवशी येऊ नको. एकदाच शब्द मोड. ह्या पत्राची मी नक्कल केली आहे. एक उद्याच्या टपालाने मोंबासाला जाईल, दुसरी आत्ता उठून बासाच्या तारांखाली खोचून ठेवणार आहे. मोंबासाचं पत्र तुला मिळालं तर लगेच उत्तर लिही. घरातलं मिळालं तर उत्तर देऊ नकोस.

तुझीच,
बाय